दुरुस्त्यांसह प्रवेश देण्यास हरकत नाही

तीर्थस्वरूप ताईस,

धाकट्या भावाचा साष्टांग नमस्कार. (पाठीत उसण भरली आहे, त्यामुळे आठांपैकी चारपाच अंगंच टेकू शकतील. उरलेली चालवून घे.) 'इकडील सर्व कुशल' असं लिहायला घेतलं आणि पेन थांबलं. सर्व कुशल आहे असं लिहिणं खोटं होईल, आणि नाही असं लिहिलं तर तू पत्र अर्धवट टाकून फोन करशील. तेव्हा 'इकडील बरंचसं कुशल' असं वाच. तुझा गुडघा कसा आहे? जिना उतरताना अजून कुरकुरतो का? तू फोनवर 'ठीक आहे' म्हणतेस, पण तुझं प्लास्टर निघालं नव्हतं तेव्हाही तू ठीकच होतीस, त्यामुळे त्या शब्दावर माझा भरवसा नाही. शिवाय फोनवर तू 'सगळे बरे आहात ना, बरं ठेवते' हे एका दमात म्हणतेस. मला जे सांगायचं आहे ते त्या दमात मावणार नाही, म्हणून हे पत्र.

आधी मुद्दा सांगतो, म्हणजे पुढचं निवांत वाचता येईल. टिंब आठ वर्षांची झाली आणि तिला वाचता येत नाही. तिचा बाप मुद्रितशोधक, म्हणजे दिवसभर छापील मजकुरातल्या चुका काढून पोट भरणारा. तिची आई चष्म्याच्या दुकानात गिऱ्हाइकांना अक्षरांचा तक्ता वाचायला लावणारी. आणि लेकीला वाचता येत नाही, हे आम्हां दोघांना कळलं नाही. ते आम्हाला शाळेनं सांगितलं. तिच्या शाळेनं नव्हे, दुसऱ्याच. त्या दुसऱ्या, महागड्या शाळेत तिला घालावं की न घालावं, हे येत्या वीस तारखेपर्यंत ठरवायचं आहे. तुझं मत हवं आहे.

ही शाळा आमच्या घरात चष्म्याच्या वाटेनं आली. टिंबच्या आईचं म्हणणं असं, की त्या शाळेतली मुलं चष्मे फार मोडतात, पण मोडल्यावर खरं कारण सांगतात, आणि ज्या शाळेतली मुलं खरं कारण सांगतात त्या शाळेत काहीतरी चांगलं असणार. हे तर्कशास्त्र मला तेव्हा कच्चं वाटलं (आता तितकंसं वाटत नाही). टिंबच्या प्रगतिपत्रकावर बाईंनी 'वाचन: बरे. लक्ष: खिडकीत' असं लिहिलं होतं, तेवढ्यावर मी निर्धास्त होतो. लहानपणी माझंही लक्ष खिडकीतच असायचं. पण टिंबची आई म्हणाली, "नुसतं बघून यायला काय जातं?" आणि तिनं त्या शाळेचं माहितीपत्रक आणून माझ्यासमोर टाकलं.

ताई, माझ्यासमोर छापलेला कागद टाकणं म्हणजे काय, हे तुला माहीत आहे. आमच्या छापखान्यात मी औषधांच्या डबीतली ती घडी घातलेली पत्रकं तपासतो. तिथे एक शून्य इकडचं तिकडे झालं तर माणूस जातो, त्यामुळे मला नुसतं डोळ्यांनी वाचण्याची सवयच उरलेली नाही. मी मोठ्यानं वाचतो, विरामचिन्हांसकट. 'दिवसातून दोनदा स्वल्पविराम जेवणानंतर पूर्णविराम' असं. ते माहितीपत्रकही मी तसंच वाचलं, तीन संध्याकाळी, हातात पेन्सिल घेऊन. टिंब टेबलाखाली तिच्या बाहुलीची नाडी तपासत बसलेली असायची. कागद गुळगुळीत होता, चित्रं सुरेख होती आणि चुका सत्तेचाळीस होत्या. 'सर्वांगीण' मधला 'गी' चार ठिकाणी ऱ्हस्व. 'आम्ही पालकांचे आभार मानतो' या वाक्यातला 'आ' गळाल्यामुळे ते पालकांचे भार मानत होते (तेही खोटं नसावं). आणि सहाव्या पानावर ठळक अक्षरांत, 'येथे मुलांच्या कल्पनाशक्तीला पुरेपूर घाव मिळतो.' वाव छापायचं होतं. मी त्या जागी काय बोललो ते पुढे येईलच. दुर्दैवानं मी सांगण्याआधीच ते पुढे आलं.

मग अर्ज. अकरा पानी. त्यात टिंबला जागोजाग 'पाल्य' म्हटलं होतं. हा शब्द मी आयुष्यात हजारदा तपासला असेल, पण आपल्या मुलीला लागला तेव्हा प्रथमच लक्षात आलं, की तो पालीच्या पिल्लासारखा ऐकू येतो. 'पाल्याची बलस्थाने' या रकान्यात मी तासभर अडकलो. तिला एकदा ऐकलेलं सगळं पाठ होतं, हे लिहिलं. ती पडली तर आधी फरशीला लागलं का ते बघते, हेही लिहिलं आणि खोडलं, मग खोडायला नको होतं असं वाटून शेजारी पुन्हा लिहिलं. 'सुट्टीत कुटुंबासह कोठे जाता' याखाली तीन रिकाम्या ओळी होत्या. मी 'ताईकडे' लिहिलं. उरलेल्या अडीच ओळी तशाच कोऱ्या राहिल्या, आणि त्या कोऱ्या ओळींची मला लाज वाटली. नंतर, लाज वाटली याची लाज वाटली. हे सगळं त्या दिवशीच्या डायरीत आहे.

अर्ज टपालात टाकल्यावर दोन गोष्टी ध्यानात आल्या. एक, अर्जाला टिंबच्या जन्मदाखल्याची प्रत जोडण्याऐवजी मी पेन्सिलीनं भरलेलं ते माहितीपत्रक जोडलं होतं. दोन, शेवटच्या पानावर 'वरील माहिती सत्य आहे' याखाली सही करताना हाताला प्रुफांवर शेरा मारायचं वीस वर्षांचं वळण आड आलं आणि मी सहीच्या वर 'दुरुस्त्यांसह छापण्यास हरकत नाही' असं लिहून बसलो होतो. टिंबच्या आईनं हे ऐकलं आणि ती खुर्चीवर बसली. "म्हणजे तू शाळेला परवानगी दिलीस?" असं तिनं विचारलं आणि मग इतकी हसली, की शेजारच्यांनी दार वाजवलं. मला वाटलं, विषय संपला. डायरीत मी 'सुटलो' असं लिहिलं आहे. त्याखाली, 'सुटलो असं का वाटावं?' असंही.

आठवड्यानं त्यांनी बोलावलं. बसनं पन्नास मिनिटं. आत गेल्यावर एवढी स्वच्छता की आपल्याच चपलांचा आवाज आपल्याला रागावल्यासारखा वाटावा. भिंतीत काचेची मोठी मासे-पेटी, कोचावर उशा आणि त्या उशांवर बसायचं की त्या बाजूला ठेवायच्या हे न कळल्यामुळे मी एक मांडीवर घेऊन बसलो. टिंबनं कठड्यावरून हात फिरवून पाहिला आणि म्हणाली, "बाबा, ही शाळा गुळगुळीत आहे." त्यात कौतुक होतं की तक्रार, ते मला अजून उमगलेलं नाही.

मुख्याध्यापिका माझ्याहून लहान असाव्यात. त्यांच्या टेबलावर माझं पेन्सिलीनं रंगलेलं माहितीपत्रक होतं. मी माफी मागायला तोंड उघडलं, पण त्यांनी ते पत्रक टिंबपुढे सरकवलं आणि म्हणाल्या, "बाबांनी एवढी मेहनत घेतलीय, तर हेच वाचून दाखव मला." टिंब खुर्चीत सरसावून बसली. तिनं सहावं पान उघडलं (चित्रावरून ओळखलं असणार) आणि खणखणीत आवाजात सुरू केलं, "आमच्या शाळेत प्रत्येक मूल स्वल्पविराम मग ते लाजाळू असो स्वल्पविराम की बडबडे स्वल्पविराम आपल्या गतीने फुलते पूर्णविराम. येथे मुलांच्या कल्पनाशक्तीला पुरेपूर घाव, अरे घाव काय, वाव, वाव! कुठल्या गाढवानं तपासलंय हे, मिळतो पूर्णविराम."

टिंबच्या आईनं माझ्या पायावर पाय ठेवला आणि तो तिथेच राहू दिला. मुख्याध्यापिकांनी चष्मा काढून डोळे पुसले, आणि म्हणाल्या, "ते गाढव मीच. शेवटचं प्रूफ मी पाहिलं होतं." ताई, त्या क्षणी मासे-पेटीत जागा असती तर मी तिथे जाऊन राहिलो असतो. पण त्या रागावल्या नव्हत्या. त्या टिंबकडे बघत होत्या, आणि आता त्यांच्या बघण्यात हसू नव्हतं. त्यांनी पत्रकाचं शेवटचं पान काढलं. बसचे नियम. ते मी वाचायला घेतलं तोवर टिंब झोपून गेली होती.

टिंबनं कागदाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "बाबांकडे नाही, इथे बघ," मुख्याध्यापिका म्हणाल्या, अगदी मऊ आवाजात. टिंबनं 'बस' वाचलं. मग थोडं थांबून, आत्मविश्वासानं, "बसमध्ये दंगा करू नये पूर्णविराम." तिथे लिहिलं होतं, 'विद्यार्थ्यांनी बसमध्ये चढताना रांगेत उभे राहावे.' त्या म्हणाल्या, "छान. असंच काहीतरी म्हणायचंय त्यांना. पण हा पहिला शब्द कुठला?" 'विद्यार्थ्यांनी' वर बोट होतं. टिंबनं बराच वेळ त्याच्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "इथे अक्षरं एकमेकांच्या अंगावर चढलीत. मारामारी संपली की वाचते."

तिला मासे बघायला पाठवून त्या आम्हाला म्हणाल्या, "हिला वाचता येत नाही. साधी अक्षरं लागतात, जोडाक्षर आलं की थांबते आणि अंदाज करते. बाकी सगळं हिला पाठ आहे. दोन वर्षं हिनं हे कसं निभावलं असेल, त्याचं मला कौतुक वाटतंय." कौतुक हा शब्द त्यांनी मनापासून वापरला होता. मला तो उशीवर डोकं ठेवावं आणि उशीत टाचणी निघावी तसा लागला.

टिंबच्या आईचा विश्वास बसेना. दुकानातल्या तक्त्यावर टिंब शेवटची बारीक ओळसुद्धा घडाघडा म्हणते, तिची नजर उत्तम आहे, असं ती गिऱ्हाइकांना अभिमानानं सांगत असते. दुसऱ्या दिवशी तिनं नवा तक्ता लावला. टिंबनं त्याकडे न बघताच जुन्या तक्त्याची अक्षरं म्हणून दाखवली, एक न चुकता. शाळा सुटल्यावर ती रोज दुकानात बसते, गिऱ्हाइकं तक्ता वाचतात, तिनं तो ऐकून ऐकून घोटला होता. वर्गात तर सोपंच. चौपन्न मुलं एका सुरात वाचतात, त्यात एक आवाज अर्धा शब्द मागे असला तर कोणाला कळणार? आणि एकटीनं वाचायची पाळी आली तर शेजारी फुसफुस आहे. (फुसफुस ही तिची बाकावरची मैत्रीण. तिचं खरं नाव आम्हाला सांगितलेलं नाही. ती ओठ न हलवता शब्द पुरवते म्हणे.) मी तिच्या वर्गाच्या बाईंना जाऊन भेटलो. त्यांचा घसा बसलेला होता. त्या एवढंच म्हणाल्या, "मला कळायला हवं होतं हो." मी म्हटलं, "बाई, तुमच्याकडे चौपन्न आहेत. माझ्याकडे एकच आहे."

त्या गुळगुळीत शाळेतून परत येतानाच्या बसमधलं सांगायचं राहिलं. ते मी मुद्दाम मागे ठेवत होतो. टिंब म्हणाली, "मी नापास ना?" आम्ही दोघं एकदमच नाही म्हणालो. "मग दोघं दोन खिडक्यांतून बाहेर का बघताय?" मी तिला विचारलं, की तुला येत नाही हे आम्हाला सांगितलं का नाहीस? ती म्हणाली, "फुसफुसला वाचता यायला लागलं, तर तिच्या बाबांनी तिला वाचून दाखवायचं बंद केलं. म्हणाले, आता तुझं तू वाच."

ताई, रोज जेवणानंतर मी तिला वाचून दाखवतो. वेगवेगळे आवाज काढतो. राक्षसाचा आवाज तर मला फारच चांगला जमतो, असं माझं मत आहे. मी तिला एकदाही 'आता तू वाच' म्हटलं नाही, कारण वाचायला मला आवडतं. दोन वर्षांपूर्वीच्या डायरीत सापडलं: 'टिंबनं आज अख्खी गोष्ट वाचून दाखवली. मध्ये राक्षसाचा आवाजही माझ्यासारखाच काढला.' त्याखाली मी दोन रेघा मारल्या आहेत, आनंदानं. मुद्रितशोधकाला इथे खूण दिसायला हवी होती.

तर आता तोलून बघतो. त्या शाळेत वर्गात सोळा मुलं. टिंबसारख्यांसाठी एक वेगळ्या बाई, रोज एक तास, फक्त तिच्यासाठी. आणि ज्या बाईंना पाच मिनिटांत कळलं, त्या तिथे आहेत. हे पारडं जड आहे, मी कबूल करतो. दुसरीकडे, फी म्हणजे टिंबच्या आईचा जवळजवळ सगळा पगार. येण्याजाण्यात पावणेदोन तास. बाकावर फुसफुस नाही. तिथली मुलं सुट्टीत जिथे जातात त्या गावांची नावं मी नकाशाच्या पत्रकांत तपासलेली आहेत, तेवढीच माझी ओळख. आणि सगळ्यांत मोठी अडचण माझ्याबद्दल आहे. एकदा एवढी फी भरली, की आपलं कर्तव्य झालं असं वाटून मी पुन्हा निवांत राक्षसाचे आवाज काढत बसेन, अशी मला भीती आहे. मग वाटतं, आपल्याला स्वतःची भीती वाटते म्हणून मुलीला चांगल्या शाळेत न घालणं हा कुठला न्याय? मग वाटतं, हा तात्त्विक प्रश्न आहे की नुसता पैसा जड जातोय म्हणून मी तात्त्विक झालोय? मी डायरीत दोन रकाने आखले. टिंबच्या आईनं ते पाहिले आणि म्हणाली, "तू रकाने आखत राहा, तोवर ती कॉलेजात जाईल." पण तिनंही ठरवलेलं नाही. ती म्हणते, जायचं तर मनापासून जाऊ, राहायचं तर मनापासून राहू, हे दारात उभं राहणं नको.

तुला विचारायला मला संकोच वाटत होता, हेही लिहून टाकतो. तू एकतीस वर्षं साध्या शाळेत पहिलीचा वर्ग घेतलास. साठ साठ मुलं असायची, आणि न वाचता एकही मूल दुसरीत गेलं नाही असं तू म्हणतेस. (मी मानतो. तुझ्या वर्गातला न्हावी आजही माझे केस कापताना आरशावरची पाटी मोठ्यानं वाचतो.) त्या तुझ्या भावानं मासे-पेटीवाल्या शाळेच्या कोचावर उशी मांडीवर घेऊन बसावं, याला तू काय म्हणशील, हे मला कळत नाही. रागावलीस तरी चालेल. 'ठीक आहे' मात्र म्हणू नकोस.

काल शाळेचं पत्र आलं. प्रवेश मिळाला आहे. खाली छापील ओळ होती, 'आपल्या पाल्यास प्रवेश देण्यात येत आहे', तीवर मुख्याध्यापिकांनी पेन्सिलीनं काट मारून लिहिलं होतं, 'दुरुस्त्यांसह प्रवेश देण्यास हरकत नाही. सत्तेचाळीस नव्हेत, एकोणपन्नास होत्या. दोन मला सापडल्या.' मी पत्रक पुन्हा काढून बसलो. एक सापडली. दुसरी अजून सापडलेली नाही, आणि ती सापडावी म्हणून मी शाळा निवडतोय की काय, अशी टिंबच्या आईला शंका आहे.

गुडघ्याला जप. टिंबच्या आईचा नमस्कार. टिंबचे पापे तिनंच मोजून सांगितलेत: सहा.

तुझा,
धाकटा

ता. क. गुडघ्यासाठी मलम पाठवतो आहे. डबीतलं पत्रक मीच तपासलेलं आहे, तेव्हा ते वाच. नुसतं 'चोळावे' एवढंच बघून टाकू नकोस. 'दिवसातून दोनदा' आहे.

ता. क. २. एक खरं सांग. मी चौथ्या वर्षी आपोआप वाचायला लागलो, असं मी सगळ्यांना सांगत आलो आहे. लग्नाआधी टिंबच्या आईलाही हेच सांगितलं होतं. परवापासून मला याची खात्री वाटेनाशी झाली आहे. त्या काळची डायरी माझ्याकडे नाही, कारण लिहिता येत नव्हतं. मला आठवतं ते एवढंच, की तू तुझ्या वर्गाच्या वह्या तपासत असायचीस आणि मी तुझ्या मांडीवर असायचो, आणि तू मध्येच 'हं, पुढे?' म्हणायचीस. ते 'पुढे?' तू वहीला म्हणायचीस की मला?

ता. क. ३. आता खरं काम. उत्तर मला लिहू नकोस, टिंबला लिही. पाकिटावर तिचंच नाव घाल. अक्षर मोठं काढ, ओळी लांब ठेवू नकोस, आणि जोडाक्षरं जमतील तेवढी टाळ. मी ते पत्र फोडणार नाही, चोरून बघणार नाही आणि शब्द पुरवणार नाही, असं मी तिला वचन दिलं आहे. ती ते स्वतः वाचील आणि मग तुझं मत मला सांगेल. किती दिवस लागतील ते सांगता येत नाही. वीस तारखेला सोळा दिवस उरलेत, तेव्हा थोडक्यात लिही. 'हो' लिहिलंस तरी ते अक्षर तिला लागेल. 'नको' लिहिलंस तरी लागेल. मी सगळे शब्द तपासून पाहिले, ताई. 'मी येते' हेसुद्धा तिला लागेल. त्यात तर एकही जोडाक्षर नाही.